शेजारची पोर

लोफांगा, १८ जून १९७९

ती. मेलेनाइतेताईस,
सालेसीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली साखर पोचली. काल चर्चमध्ये उपदेशाची पाळी माझी होती. पांगाईहून मोठे पाळक मुद्दाम ऐकायला आले होते. आमच्या मंडळीला पुढारी नेमायचा आहे आणि माझं नाव पुढे आहे, हे तुला ठाऊकच आहे. मी त्या बाईचा उतारा घेतला, जिला लोक दगड मारायला निघतात आणि येशू सोडवतो. ताई, म्हाताऱ्यांच्या हातातले पंखे थांबले! पाळकांनीसुद्धा डोळे पुसले.

पंगत आपल्याच घरी झाली. भट्टीतलं डुक्कर, कोनफळं, नारळाच्या दुधातली अळूची पानं, कशाला कमी पडलं नाही.

आपली लोसालिने मात्र आज पहाटेच्या बोटीने न सांगता तुझ्याकडे निघून गेली. सहावा महिना चालू, लग्नाचा पत्ता नाही, आणि वर हा हट्ट. तिची आई माझ्याशी बोलत नाही, नुसतं ताट पुढे सरकवते. पोरीला चार शब्द सांग आणि परत पाठव. लोक विचारतात, मी काय सांगू?

तुझी माया आहे तशीच राहू दे.

सालेसी

नुकुअलोफा, २९ जून

चि. सालेसीस, अ. आ.

पोर सुखरूप आहे, जेवते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. डुक्कर लिहिलंस, कोनफळं लिहिलीस, पाळकांचे डोळे लिहिलेस. पंगतीत पाळकांनी काय विचारलं, ते लिहायला शाई संपली का रे?

लोसालिने तुझ्या ताटावरच्या माश्या वारत बसली होती. पाळकांनी विचारलं, ही मुलगी आपली का? आणि तू म्हणालास, की छे, शेजारची पोर आहे, कामाला येते. सगळं गाव पंगतीला होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पोर पंखा हलवत राहिली. पाळकांचं जेवण होईपर्यंत हलवत राहिली, सालेसी.

दगड खाली टाका म्हणून लोकांना रडवलंस आणि आपला तेवढा नेमका पोरीच्या पाठीत घातलास. लोकांना काय सांगू म्हणतोस! तुझ्यापेक्षा मलाच जास्त लाज वाटली, कारण तुला मी वाढवलंय. आपल्यात भावाने बहिणीचा शब्द मोडायचा नसतो, तेव्हा नीट ऐक. रीतीप्रमाणे डुक्कर, चटया पाठवून हे मिटवायला बघू नकोस. मी दारातून परत धाडीन.

रागावले तरी मी तुझी बहीणच आहे.

मेलेनाइते

लोफांगा, १६ जुलै

ती. ताईस, सा. न.

तुझ्या पत्रातलं एक अक्षरही खोटं नाही. मी तसं म्हणालो. का म्हणालो, ते स्वतःलाही नीट सांगता येत नाही. पाळक माझ्यावर इतके खूश होते, आणि ती पोट सांभाळत समोर बसलेली. तोंडातून निघून गेलं. मागे घ्यायला पुरेसा वेळ होता. मी दुसऱ्यांदा कोनफळ वाढून घेतलं. मला माझीच किळस येते.

काल पुन्हा माझी पाळी होती. उतारा वाचायच्या आधीच मी मंडळीला सांगून टाकलं, की त्या दिवशी पंखा हलवणारी पोर माझी लोसालिने होती, आणि मी तिला नाकारलं. कुणी रडलं नाही. पहिल्या बाकावरून म्हातारी सिसिलिया मोठ्यानं म्हणाली, की हे आम्हाला ठाऊक आहे, तिच्या बाप्तिस्म्याला आम्ही जेवून गेलोय, आता पुढचं वाच. मला वाचवेना. कुणीतरी गीत सुरू केलं म्हणून मी सुटलो. पुढारीपणातून नाव काढा, असं पाळकांना कळवलं आहे. का, तेही लिहिलं आहे.

लोसालिनेला हे वाचून दाखव. तिला म्हणावं, घरी ये. तिच्याशी बोलायचं तोंड मला नाही, म्हणून तुझ्याआडून लिहितो.

चूक पदरात घे.

सालेसी

नुकुअलोफा, २ ऑगस्ट

ती. बाबांस, लोसालिनेचा सा. न.

आत्याने पत्र वाचून दाखवलं. ती मध्येच डोळे पुसायला थांबली. मी नाही पुसले. चर्चमध्ये बोललात, बरं केलंत. सोपं नसणार, हे मला समजतं. पण बाबा, नाही म्हणालात ते माझ्यासमोर, आणि हो म्हणालात ते माझ्यामागे.

बाळ झालं की नाताळाआधीच्या बोटीने येईन. मोठे पाळकही पांगाईला त्याच बोटीत चढणार आहेत, असं आत्या म्हणते. तुम्ही पत्र लिहिलंत खरं, पण माझा चेहरा त्यांच्या लक्षात असेलच असं नाही. लोफांगाच्या धक्क्यावर, पोर कडेवर घेतलेली ही कोण, असं ते तुम्हाला विचारतीलही.

मी काही बोलणार नाही. नुसती उभी राहीन.

आईला माझे पापे. मी तुमची कोण, ते तुम्हीच सांगायचं आहे, म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

लोसालिने