उजव्या दाराचा स्पीकर

कोपरी, ठाणे (पूर्व)
गुरुवार

तीर्थस्वरूप साईमामांच्या चरणी,

सुशांतचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सप्तांगच. उजवा गुडघा सध्या वाकत नाही. का वाकत नाही ते पुढे येईलच, कारण तो गुडघा हाच या पत्राचा विषय आहे.) इकडे सर्व क्षेम. तुमची शुगर, मामींची पाठ आणि तुमच्या गल्लीतलं खोदकाम हे सगळं आटोक्यात असेल असं धरून चालतो. तुम्ही म्हणाल, ठाण्याहून डोंबिवलीला पत्र कसलं पाठवतोस, फोन कर की. मामा, गेल्या आठवड्यात मी तुम्हाला पाच वेळा फोन केला. पाचही वेळा तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच तोडून ‘ते राहू दे, आधी मी काय सांगतो ते ऐक’ म्हणता येत नाही.

मुद्दा आईचा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. बाबा गेल्यापासून दोन गणपती झाले, आई गावाला आलेली नाही. यंदाही तिचं एकच पालुपद, तुम्ही जा, मी इथे बरी आहे. तेव्हा तुम्हीच आमच्या हॉलमध्ये तिसरा चहा बशीत ओतत जाहीर केलंत की गाडीत तुमची भजनं नीट ऐकू आली तर ताई आपणहून येऊन बसेल, फक्त त्यासाठी स्पीकर बदलायला हवेत. गाडीतला डावा स्पीकर खरखरत होता. उजवा बाबांच्या हयातीतच गेलेला, कारण ते भर पावसात टोलनाक्यावर काच खाली करून सुट्टे मोजत बसायचे आणि सगळं पाणी दारात. त्या एका डाव्यावर तुमची भजनं ऐकताना आमचं तसं बरं चाललं होतं. खरखरीचा फार आधार होता. पण आई येईल म्हटल्यावर मी तयार झालो. संचिता म्हणाली, त्यात एवढं काय, दुकानात जायचं आणि दोन स्पीकर घेऊन यायचं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ती तुमच्याबरोबर खरेदीला कधी गेलेली नाही.

आपण चार दुकानं पालथी घातली. नौपाड्यातल्या दुकानदाराने गाणं कुठलं लावू विचारलं आणि तुम्ही खिशातून पेनड्राइव्ह काढलात. त्यात आठ वर्षांपूर्वीचं, गावच्या देवळातलं तुमचं भजन. बायका भेंडी मोडून बघतात तसं तुम्ही प्रत्येक स्पीकरवर स्वतःला वाजवून बघितलंत. एकात म्हणे बुवा, म्हणजे तुम्हीच, लांब बसल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात पखवाज पुढे येतो. तिसऱ्यात तुमचा वरचा सा चिरका लागला, म्हणून तो स्पीकर फाटका ठरला. (मामा, त्या देवळात मी हजर होतो. सा चिरकाच लागलेला. तेवढा एकच स्पीकर प्रामाणिक निघाला आणि तुम्ही त्यालाच नापास केलंत.) चौथ्या दुकानातला बिचारा नम्रपणे म्हणाला, काका, इसमें बेस ही नहीं है, आणि डिकीत बसवायचा ढोलाएवढा डबा दाखवायला लागला. त्यावर डिकीत मखर कुठे ठेवायचं, हे तुम्ही त्याला विचारलंत. तो मराठी नव्हता. मखर म्हणजे काय हे त्याला समजावण्यात आपला अर्धा तास गेला, आणि शेवटी त्याला ते पटलं, पण स्पीकर काही आपण घेतले नाहीत.

मग कल्याण. तिथे मितेशच्या दुकानात मागच्या बाजूला काचेची खोली, गार एसी, दोन बाजूंना कोच. तुमचं भजन सुरू होतंय तोच बाहेर गाड्या उचलणारी गाडी आली, म्हणून मी धावलो. वीस मिनिटांनी परत येतो तर तुम्ही उजव्या कोचावर डोळे मिटून बसलेले, भजन संपलेलं आणि मितेश हात बांधून उभा. स्वतःचं भजन ऐकून त्यावर एक शब्दही न बोलण्याची ही तुमची आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. रुमालाने डोळे पुसून म्हणालात, एसी फार आहे. आणि मग म्हणालात, हेच घ्यायचे. हे म्हणजे दुकानातले सगळ्यात महागडे, लंबगोल आणि आपल्या गाडीच्या दारात न मावणारे. मी मापाचं काढलं तर म्हणालात, दार कापू. दार माझं होतं, त्यामुळे तुम्हाला निर्णय घेणं सोपं गेलं.

माजिवड्याच्या मयूर फिटरने दार कापलं. भोक मोठं केलं तरी स्पीकर आत बसेना, म्हणून त्याने लाकडाचं कडं लावून तो बाहेर काढला. आता दाराला पुरणपोळीएवढं टेंगूळ आहे आणि ते बरोबर माझ्या उजव्या गुडघ्यावर येतं. ब्रेक मारला की लागतं, ॲक्सिलरेटर दाबला की लागतं, आणि घोडबंदर रोडला दोन्ही इतक्या वेळा करावं लागतं की विचारू नका. मयूर काम करत होता तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर बसून त्याला डबलबारीच्या भजनी सामन्यांचा इतिहास सांगत होतात. (त्याने त्या दिवशी कामाचे जास्त पैसे का मागितले ते मला नंतर समजलं.) शेवटी सगळ्यांना बाजूला करून तुम्ही स्वतः स्क्रीनवर बोटं फिरवलीत आणि मला बजावलंत, सेटिंगला कुणी हात लावायचा नाही.

नाही लावला. रविवारी आईला आणि आमच्या सान्वीला घेऊन येऊरपर्यंत गेलो. डाव्या दारातून तुम्ही असे खणखणीत, जणू मांडीवरच बसलात. आणि उजवा? ज्याच्यासाठी दार कापलं, गुडघा गेला, तो स्पीकर ठार मुका. हूं नाही की चूं नाही. आईने दहा मिनिटं ऐकलं, साईचा आवाज छान आलाय म्हणाली (ती तुमची थोरली बहीण आहे, तिला म्हणावं लागतं), आणि म्हणाली, मला घरी सोड. घरी येऊन तिने संचिताला सांगून टाकलं की गणपतीला तुम्ही जाऊन या, माझं धरू नका.

तेव्हा मामा, माझं नम्र म्हणणं असं. एक तर कल्याणला जाऊन तो मुका स्पीकर बदलून आणा, कारण निवड तुमची होती. दुसरं, आईच येत नाही तर तुम्ही यंदा एसटीनेच आलात तर बरं. बुवा एसटीत असले की प्रवाशांनाही लाभ होतो. मला वाईट वाटतंय ते आईचं. तुमच्या शब्दावर मीही भरवसा ठेवला होता, त्याचाही थोडा राग आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुशांत

ता. क. पत्र गुरुवारी लिहिलं, आज शनिवार. घरात पाकीट नव्हतं, म्हणून राहिलं. मधल्या काळात मी मितेशला फोन करून चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, स्पीकर ठीक आहे, बॅलन्स बघा. आज सकाळी खाली पार्किंगमध्ये सान्वीने सेटिंग उघडलं (ती नऊ वर्षांची आहे, तिच्यावर तुमची बंदी लागू नव्हती) तर सगळा आवाज डावीकडे ओढून ठेवलेला. तिने बोटाने तो मध्ये आणला. आठ वर्षांपूर्वी त्या देवळात साउंडवाला एकाच माइकवर भागवणार होता, पण बुवाला स्वतंत्र माइक पाहिजे म्हणून तुम्ही अडून बसला होतात. म्हणून तुम्ही एकटे डावीकडे आणि कोरस सगळा उजवीकडे. आधी झांज आली. मग खाकरणं. मग तुमची लय पळाली, आणि माझ्या गुडघ्यापाशी बाबा बोलले, “रे सायनाथा, धावतंस कित्याक? गाडी चुकता काय तुझी?” मी स्पीकरच्या जाळीवर हात ठेवून तसाच बसलो. सान्वीने विचारलं, आजोबा कुठून बोलतायत, तर मी तिचाही हात जाळीवर ठेवला.

मामा, कल्याणला एसी फार नव्हता. तुम्ही उजव्या कोचावर होतात. तिथे ऐकलंत, ताईसाठी म्हणून हेच स्पीकर घेतलेत, आणि माजिवड्याला तुमचाच धीर सुटला आणि बोट डावीकडे गेलं. मला सांगायचं तरी. फोनवर एवढं बोलता.

ता. क. २. मग आईला खाली आणलं. तिला गाडी येत नाही, तरी ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि सान्वीला चार वेळा भजन मागे घ्यायला लावलं. चौथ्यांदा हसली आणि म्हणाली, साई धावतोच, लहानपणापासून. वर आल्यावर तिने मला माळ्यावरून तिची बॅग काढायला सांगितली. तेव्हा एसटीचं वर लिहिलंय ते खोडलं असं समजा. पुढची सीट तुमची, आई माझ्या मागे बसणार आहे, आणि दार आहे तसंच राहू दे.

ता. क. ३. आईने विचारलंय, बाबा तुम्हाला अजून कुठकुठल्या भजनात ओरडलेत. तेवढी सगळी पेनड्राइव्हवर भरून आणा. मधे मधे तुमचं गाणं आलं तरी आमची हरकत नाही.