मधली चिप

बेलापूर,
दि. ८ नोव्हेंबर १९९८

चि. वृषाली हिला आप्पाचा सप्रेम जय भीम.

इकडं सगळं ठीक. थंडी पडायला लागलीय. माझ्या घशात जरा खरखर आहे, म्हणून बोलण्यापेक्षा लिहितोय.

दुकानात टायपिंग क्लासवाल्या गहिनीनाथचा कॉम्प्युटर आलाय. रेडिओ दुरुस्त करता करता हे नवं लचांड गळ्यात पडलं; पुस्तकं चाळून थोडंफार कळतं. चालू केलं की नुसता फॅन फिरतो, पडदा काळा. प्रोसेसर दुसऱ्या मशीनला लावला, चालला. रॅमही चालली. दोघं धडधाकट! बिघडली ती मदरबोर्डावरची मधली चिप. हिशेब करणारा प्रोसेसर आणि लक्षात ठेवणारी रॅम यांचं थेट बोलणं नसतंच. एकाचा निरोप दुसऱ्याला हीच पोचवते. खाली आणखी एक चिप, तिची धाकटी जाऊच म्हण, ती कीबोर्ड, डिस्क यांचं बघते.

गहिनीनाथ म्हणाला, "आप्पा, सगळं बरं असून हे मेलं कसं?"

त्याला ती मधली चिप दाखवली, आणि आपलंच घर आठवलं.

तू न कळवता लग्न नोंदवलंस, तेव्हापासून तुझी आई तुझ्याशी बोलत नाही, तू तिच्याशी नाही. तुझा फोन येऊन गेला की भाकरी थापता थापता ती विचारते, "काय म्हनली? जेवती का येळंवर? मी इचारलं म्हनून सांगू नका." आणि तू, "आईचे गुडघे कसे आहेत? असंच विचारते हं." दोघींचं 'असंच' वाहून वाहून दमलो गं.

आता खरं लिहितो. ती खरखर साधी नाही. पुढच्या आठवड्यात नगरला घशाचं ऑपरेशन आहे. जीव वाचेल, डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही. तुझ्या आईला अक्षर येत नाही. तुझी पत्रं मीच वाचून दाखवायचो.

तिला सांगितलं, तर पिठाचे हात तसेच ठेवून बसली. मग म्हणाली, "आता पोरीचं मला कोन सांगंल?"

गहिनीनाथच्या बोर्डाला इलाज नाही. ती चिप बदलायचं साधन माझ्याकडं नाही. तुमचं तसं नाही. दोघींना जीभ आहे, आणि ती किती चालते ते मला ठाऊक!

येत्या शनिवारी सकाळी दहाला ती दुकानात फोनपाशी बसेल, तेव्हा तू फोन कर. मी मुद्दाम चहाला जाईन. उचलल्यावर ती लगेच बोलायची नाही. मशीनसुद्धा सुरू झालं की आधी मेमरी मोजतं, मग अक्षर उमटतं. फोन ठेवू नकोस.

या पत्रात तिचा निरोप नाही. तो तिच्याकडंच ठेवलाय.

दमलेला,
तुझा आप्पा