दादाला काहीही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपणाचे वकिलांनी सांगितले म्हणून लिहिले. वस्तुस्थिती अशी की दडपण आहे, आणि ते माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे आहे. येत्या तेवीस तारखेला मी माझ्या लेकीबरोबर आजोबांच्या गावी निघाले आहे. ही बातमी ऐकून लोक "सांभाळून जा" म्हणतात. दादा म्हणाला, "या वयात एवढा प्रवास? निदान मृत्युपत्र तरी करून जा." घे, केले. मात्र त्यात काय लिहायचे ते मी ठरवणार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात "गुडघे सोडून" असे शब्द आहेत. मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते, सबब ते गैरलागू समजावेत.

कलम एक. वरच्या दोन खोल्या, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या लेकीला. ती एकुलती एक आहे, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नळांचे नकाशे काढते आणि कोणाचे ऐकत नाही. हा शेवटचा गुण माझ्याकडून गेला आहे आणि तो वाटणीत धरू नये.

कलम दोन. दुकानातला माझा अर्धा हिस्साही तिलाच. चाळीस वर्षे दादा पुढे खुर्ची टाकून बसला आणि मी मागच्या खोलीत ओल्या वेतात हात घालून बसले. पाटीवर नाव त्याचे. गिऱ्हाईक म्हणायचे, "काय सफाई आहे हो तुमच्या हाताला!" दादा मान लववून म्हणायचा, "सगळी आजोबांची कृपा." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याच्या हाताला सफाई असणारच, त्याला कधी फोड आले नाहीत.

कलम तीन. माझी हत्यारे, म्हणजे दाभण, लाकडी मोगरी, पाचरींचा डबा आणि वेत भिजवायचा पत्र्याचा टब, लेकीला. ती म्हणते मला काही येत नाही. साफ खोटे. आमच्या घरचा कोपरा तिला दहाव्या वर्षापासून येतो.

या कोपऱ्याबद्दल लिहून ठेवणे भाग आहे. बाकीचे विणणारे बैठकीच्या कोपऱ्यातल्या भोकातून वेताची पट्टी एकदाच काढतात. आजोबा दोनदा काढत, आणि दुसरी पट्टी पहिलीच्या खालून उलटी परत आणत. वेळ दुप्पट लागतो, बसणाऱ्याला कळतही नाही. का करायचे, तर आमच्याकडे असेच करतात. आजोबा गाव सोडून इकडे आले, त्याआधी त्यांनी हा कोपरा आपल्या दोन्ही मुलांना शिकवला होता. एक माझे बाबा, जे त्यांच्याबरोबर आले. दुसरी आत्या, जी लग्न होऊन तिकडेच राहिली. बाबांनी तो मला शिकवला. दादालाही बसवले होते, तो अर्ध्या तासात उठला.

कलम चार. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. वकील म्हणाले, "बाई, याची इथे गरज नाही." गरज आहे.

बाबा गेल्यापासून तीस वर्षे मी गावी जायचे म्हणत होते, आणि तीस वर्षे दादाचे एकच पालुपद होते: "तिथे आता कोणी उरलेलं नाही. दगडं बघायला जायचंय का?" मी विश्वास ठेवला. पत्रव्यवहार तो बघायचा, मी कशाला शंका घेऊ? मग गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी चार खुर्च्या दुरुस्तीला आणल्या. एक उलटी केली आणि पाहते तर चारही कोपऱ्यांत आमचा कोपरा. पण हात माझा नव्हता. माझी पट्टी किंचित डावीकडे ओढते, ही सरळ होती. आणि वेत अजून पिवळा होता, म्हणजे फार तर चार वर्षांपूर्वीचे काम.

मी खुर्ची उचलून पुढे नेली. "दादा, हा कोपरा कोणी घातला?"

"जुनी असेल एखादी. बाबांच्या वेळची."

"वेताचा रंग बघून मी साल सांगते, आणि तू मला जुनी सांगतोस?"

दादा चष्मा पुसत बसला. इथेच मला कळले की कुठेतरी पाणी मुरते आहे. लेकीने डॉक्टरांना विचारून खुर्च्या कुठून घेतल्या तो पत्ता काढला आणि पत्र टाकले. पाच आठवड्यांनी उत्तर आले. आत्याची मुलगी, माझी आतेबहीण, वय चौऱ्याहत्तर, अजून विणते आहे. तिने लिहिले होते, "अगं, अकरा पत्रं पाठवली तुला. एकाचंच उत्तर आलं, की यायला जमणार नाही. खाली सही तुझीच होती."

माझी सही! ते उत्तर गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि दोन्ही गुडघे शाबूत होते. आत्या तेव्हा हयात होती. ती पुढे सहा वर्षे जगली आणि मला न बघता गेली. हे नुकसान कुठल्या कलमात भरून निघते ते वकिलांना सांगता आले नाही.

मी दादाला जाब विचारला. तो म्हणाला, "तू गेली असतीस तर परत आली नसतीस. मग इथे काय राहिलं असतं?" एवढेच. मी काय वेत होते, भिजवून वाकवून ठेवायला?

कलम पाच. तेवीस तारखेपूर्वी मला काही झाले तरी लेकीने जायचेच. तिने आजवर दोनदा रजा रद्द केली आहे, एकदा माझ्या गुडघ्यासाठी आणि एकदा दादाच्या मोतीबिंदूसाठी. तिसऱ्यांदा केली तर कलम एक ते तीन रद्द समजावीत. आतेबहिणीने एक खुर्ची विणून कोपरे उघडे ठेवले आहेत. "ते तू घाल, मला बघायचंय," असा तिचा निरोप आहे. मी नसेन तर ते लेकीने घालावेत. दाभण तिच्या पिशवीत मी आधीच टाकले आहे.

मी रोज दोनदा भरलेली बॅग घेऊन जिना चढते-उतरते. परवा लेकीने पकडले. "आई, तिथे सगळं सपाट आहे."

"असू दे. मी कुठे तक्रार केली?"

नवे बूट मी घरातच घालून फिरते आहे. मला इतका आनंद झाला आहे की रागात व्यत्यय येतो, आणि याचाही मला राग येतो.

कलम सहा. वाटेत मी आजारी पडले तर पहिल्या खोकल्याला माघारी फिरू नये. दादाला फोन करून सल्ला तर मुळीच विचारू नये.

कलम सात. माझी आरामखुर्ची वहिनीला. तिला पत्रांचे माहीत नव्हते. कळल्यावर ती महिनाभर दादाशी कामापुरतेच बोलली, हे मी विसरलेले नाही. त्या खुर्चीत दादाने बसू नये.

कलम आठ. तिकडे असताना माझा मृत्यू झाला तर. वकिलांनी मला न विचारता लिहून आणले होते, "पूर्वजांच्या मातीतच विसावा मिळावा अशी माझी इच्छा आहे." मी ते खोडले. कोणी सांगितली यांना माझी इच्छा? ती माती आजोबांची. मी तिला भेटायला चालले आहे, राहायला नाही. माझे यजमान इथे गेले, लेक इथे जन्मली, माझा टब इथे आहे. काहीही सायास पडोत, मला परत आणावे, आणि घ्यायला दादाने स्वतः यावे. दादा, मी तेव्हाही परत आले असते. विचारले असतेस तर सांगितले असते.

कलम नऊ. दादाला काहीही नाही. एक पाचरसुद्धा नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मला दादा साक्षीदार म्हणूनच हवा आहे. त्याने पहिल्या ओळीपासून सगळे वाचावे आणि मग सही करावी. माझ्या नावाची त्याने एकदा केलीच आहे, आता स्वतःच्या नावाची करून दाखवावी.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली.
दिनांक: चौदा. निघायला नऊ दिवस बाकी.

सही: माझी, माझ्याच हातची.

साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले. सही समक्ष केली.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. सर्व वाचून सही केली. सहीखाली त्याच्या अक्षरात: घ्यायला येईन. पण चालत ये.