चालू स्थितीत आढळला

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर
ता. २२ जून १९६९

चि. नानाजी यास रुपरावचे अ. उ. आशीर्वाद. ती. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तुझा दादा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जाऊ लागला आहे. हसायचं तेवढं हसून घे. आमच्या हातमाग कार्यालयात रेकॉर्ड कारकुनाची एक जागा निघाली आहे आणि ती जुन्या शिपायांतून भरणार आहेत. अट एकच, नोव्हेंबरात इंग्रजीची लेखी परीक्षा. आमचे कागद दिल्लीला जातात, म्हणून इंग्रजी. पन्नाशी गाठली की ही वाट बंद.

शिकवणी एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली हातोडे, वर गिरिधर मास्तर. त्यांच्या तोंडात कायम तंबाखू. परवा खिडकीतून थुंकले आणि ओठ पुसलेल्या त्याच बोटाने माझ्या वहीतला चुकलेला शब्द पुसला. घरी येऊन मी ते पान फाडून टाकलं.

सध्या भूतकाळ चालू आहे. आपल्याकडे गेला म्हटलं की गेला. यांच्याकडे गेलेल्या माणसाच्याही चार तऱ्हा. त्या मी घोकून घेईन. वीट आला आहे तो वाक्यांचा. काल मी राजाच्या बागेत गेलो. काल मी वाघ मारला. मी विचारलं, मास्तर, काल मी कुठेच गेलो नाही, तर काय लिहू? ते म्हणाले की तू गेलास की नाही हे परीक्षक बघायला येत नाही, क्रियापद बरोबर ठेव. वर्ग खदाखदा हसला. ज्या तोंडाने सकाळी देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडाने संध्याकाळी न मारलेला वाघ मारायचा.

शेवटी एक उपाय काढला. रेकॉर्डखोलीत साहेबांच्या जुन्या दौऱ्यांचे अहवाल आहेत. त्यांत सगळं घडून गेलेलंच असतं. जेवणाच्या सुट्टीत एकेक गठ्ठा सोडतो आणि वाक्यं उतरवून काढतो. निदान ती वाक्यं खरी तरी आहेत.

हातमागाचं कसं काय ते कळव. सौ. गोपिका व चि. शामला यांस आशीर्वाद. तुझी माया माझ्या इंग्रजीसारखी अडखळू देऊ नकोस.

तुझा,
रुपराव

*

उमरेड
ता. ६ जुलै १९६९

ती. दादास नानाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र भेटलं. शामलानं मोठ्यानं वाचलं. तुमी वाघ मारला हे आईनं तेवढंच ऐकलं. मले म्हणे, कधी गा, मले काहून नाही सांगितलं? दोन दिवस आळीत सांगत फिरून राहिली. आता लोकं मले इचारतात का कातडं कुठी ठेवलं.

इकडची खबर बरी नाही. मागाच्या खड्ड्यात यंदाबी पाणी भरलं. पश्चिमेची बाजू तं दोन वर्षांपासून खचलेलीच. पाय ठेवायले जागा नाही, तं पावडी कशी दाबू? धोंडबाच्या मागावर रोजीनं विणून राहिलो. तो माणूस चांगला, पण त्याची बायको रोज ऐकवते का आमच्या जीवावर जगता. आपल्या खड्ड्यात बेडकं अन् मी दुसऱ्याच्या खड्ड्यात. शिसारी येते, दादा.

दुरुस्तीच्या मदतीचा अर्ज तुमच्याच हापिसातून नामंजूर झाला, हे तुमाले ठाऊक आहे. काहून झाला, ते कागदावर इंग्रजीत आहे. इथच्या गुरुजीनं नामंजूर तेवढंच वाचलं अन् कागद वापस देल्ला. आता तुमी शिकूनच राहिले, तं त्या गठ्ठ्यात आमचाबी कागद पाहा. कारण समजलं तं पुन्हा अर्ज करतो. नाही तं दिवाळीनंतर माग उपटून इकून टाकतो. बाबाच्या हातचा माग आहे म्हणून आतापर्यंत जीव झाला नाही.

आईचा आशीर्वाद. वाघासंगं एक फोटो काढून धाडा, आमी त्याच्यावरच खुश राहू.

तुमचा,
नानाजी

*

॥ श्री ॥

नागपूर
ता. १० ऑगस्ट १९६९

चि. नानाजी यास अ. उ. आ. वि. वि.

तुझा अर्ज सापडला. त्याला टाचलेला साहेबांचा अहवालही सापडला. तारीख १७ जानेवारी १९६८. साहेब लिहितात, मी उमरेडला गेलो. विणकरांची घरं पाहिली. नानाजी बळीराम याचा माग पाहिला. तो चालू स्थितीत आढळला. मदतीची गरज नाही. मला एकही शब्द अडला नाही. मास्तरांनी पाठ थोपटली असती.

साहेब त्या दिवशी उमरेडला गेले नव्हते. हे मला कसं माहीत, ते सांगतो. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस असं लिहिणार होतो, पण नाही लिहीत. अहवालाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, सोबत कोण शिपाई होता त्याची जागा आहे. तिथे सही माझी आहे.

त्या दिवशी मी साहेबांच्या मुलीच्या रुखवताची भांडी आणायला इथेच इतवारीत फिरत होतो. चारेक दिवसांनी बडे बाबूंनी कागद पुढे सरकवला, इथे कर म्हणाले, मी केली. काय लिहिलं आहे ते विचारलं नाही. इंग्रजी येत नाही ही सबब तेव्हा मला फार सोयीची होती. दौऱ्याचा भत्ता आला, तोही घेतला, आणि त्यातून एक पितळी निरांजन आणून देवापुढे ठेवलं. दीड वर्ष रोज त्यात वात लावून मी हात जोडतो आहे, आणि मागतो काय, तर नानाजीच्या घराला बरकत दे.

साहेबांची किळस येते, यात नवल नाही. ते पान खाऊन हसत केबिनमध्ये शिरले की मी मान फिरवतो. पण आपल्याच उजव्या हाताकडून मान कुठे फिरवायची? त्याच हाताने घास घ्यावा लागतो. काल ताटावरून तसाच उठलो. मास्तरांच्या वाघाला मी नाक मुरडत होतो. मास्तरांचा वाघ तरी कोणाचा माग खाऊन गेला नाही.

निरांजन फडक्यात गुंडाळून फळीवर टाकलं आहे. देवापुढे सध्या मातीची पणती.

लोभ ठेव, असं लिहायची हाताला सवय आहे. या खेपेला त्याला थांबवतो.

रुपराव

*

उमरेड
ता. २४ ऑगस्ट १९६९

ती. भाऊजींस गोपिकाचा वाकून नमस्कार वि. वि.

मी सांगून राहिली अन् शामला लिहून राहिली. चुकलं तं तिचं.

तुमच्या भावानं पत्र वाचलं, घडी केली अन् धोट्याच्या पेटीत ठेवून देल्लं. आठ दिवस तुमचं नाव काढलं नाही. परवा जेवता जेवता एवढंच म्हणाले का परका साहेब खोटं लिहिते ते समजते, घरचा माणूस त्याच्याखाली सही करते ते समजत नाही. तुमाले पत्र लिहू नको असंबी म्हणाले. म्हणून मी लिहून राहिली.

सासूबाईनं सारं ऐकलं. त्या म्हणे, रुपरावनं दिव्याले काहून शिक्षा केली? त्यानं का सही केली?

मी आडाणी बाई, पण एक बोलते, राग धरू नका. तुमाले लाज वाटली, जेवण गेलं नाही, ते तुमचं तुमच्यापाशी. त्यानं आमचा खड्डा भरत नाही. तेव्हा न वाचता सही केली, आता वाचून करा. खरं काय ते लिहून द्या. शामला नववीत आहे. धोंडबाच्या बायकोनं तिले शाळा सोडून सुताच्या कांड्या भरायले बोलावलं आहे. मी अजून हो म्हटलं नाही. दिवाळीपावतर नाही म्हणता येईल, पुढचं सांगता येत नाही.

शामला म्हणते का तिच्याकडून दोन शब्द लिहू दे. मोठेबा, माझं इंग्रजीचं पुस्तक जुनं झालं आहे, पाहिजे तर धाडते.

लहान तोंडी बोलली असेल तं पोटात घाला.

गोपिका

*

॥ श्री ॥

नागपूर
ता. २१ सप्टेंबर १९६९

सौ. गोपिका व चि. नानाजी यांस अ. आ. वि. वि.

गोपिका, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि राग आला नाही. लिहून दिलं. सहा ओळी, इंग्रजीत, माझ्या हाताने. मी त्या दिवशी उमरेडला गेलो नाही. साहेबही गेले नाहीत. माग मोडलेला होता. मी न वाचता सही केली. भत्ता घेतला. त्याचं मला वाईट वाटतं. एवढ्याला तीन दिवस लागले.

द्यायच्या आधी मास्तरांना दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी अक्षरं दुरुस्त केली. मग बराच वेळ थुंकले नाहीत. म्हणाले, क्रियापदं सगळी बरोबर आहेत रुपराव, आता हा कागद जाळून टाक.

मी तो वरच्या कार्यालयात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, वीस वर्षांत पहिल्यांदा. गोड आवाजात म्हणाले की एका पायरीवरून चढणाऱ्याने खालची पायरी काढू नये. कपात साय धरली होती. कप तसाच ठेवला आणि नमस्कार करून बाहेर आलो. तेव्हापासून बडे बाबू माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. माझा परीक्षेचा अर्ज चौकशी संपेपर्यंत बाजूला काढून ठेवला आहे.

चौकशीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातले अधिकारी ९ ऑक्टोबरला तुमच्याकडे येतील. सरळ माणूस आहे असं ऐकतो, जे दिसेल तेच लिहितो म्हणे. त्यांना माग दाखवा.

शामलेचं पुस्तक तिच्याजवळच राहू दे, तिला ते लागणार आहे. नानाजी, दोन ओळी तुझ्या हातच्या आल्या तर बरं वाटेल, पण मागत नाही.

रुपराव

*

उमरेड
ता. १२ ऑक्टोबर १९६९

ती. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

माझ्याच हातानं लिहून राहिलो, पाहून घ्या. चौकशीचे साहेब येऊन गेले! मोठा माणूस, पण जोडे बाहेर काढून आत आला. आईच्या पाया पडला.

आमीबी काही कमी केलं नाही. आठ दिवस घर वरखाली. गोपिकानं ओसरी सारवली, दाराले चुना मारला. खड्ड्यातलं पाणी मी अन् धोंडबानं उपसलं, खचलेली बाजू विटांचे तुकडे घालून शेणामातीनं अशी लिंपली का हात फिरवावा. आईनं सांगितलं का रिकामा माग पाहुण्याले दाखवणं म्हणजे रिकामं ताट पुढे करणं. बाबा असते तं त्याईनं बी नसतं दाखवलं. मंग धोंडबाकडचा ताणा मागून आणला, मागावर चढवला, हळदकुंकू वाहिलं. लाल काठाचा ताणा, कसा शोभून दिसला म्हणून सांगू! दादा, दोन वर्षांनी आपला माग भरलेला पाहून मलेच भरून आलं.

साहेबानं सारं पाहिलं. मागाच्या फणीले हात लावला, वा म्हणाले. पोहे खाल्ले, चहा घेतला, काहीतरी लिहिलं अन् हसत गेले. मोडल्याबद्दल त्याईनं काही इचारलं नाही, अन् आल्या पाहुण्यापाशी आपलं रडगाणं मीबी काढलं नाही. त्याईले तुमच्या कागदावरून सारं माहीतच असेल.

झालं गेलं मी पोटात ठेवलं. दिवाळीले या. आई करंज्यांचं काढून राहिली.

तुमचाच,
नानाजी

*

॥ श्री ॥

नागपूर
ता. २६ ऑक्टोबर १९६९

चि. नानाजी यास आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच पुढचं कळलं होतं. काल अहवालाची नक्कल हातात आली. मी उमरेडला गेलो. माग पाहिला. त्यावर ताणा चढवलेला होता. माग चालू स्थितीत आढळला. नानाजी, शब्दसुद्धा तेच. पहिल्या साहेबांनी न पाहता लिहिलं, यांनी पाहून लिहिलं. आता मी कोणावर रागावू?

मला मेमो मिळाला आहे. साहेबांवर खोटा आरोप का केला, याचं लेखी उत्तर दिवाळीच्या आत द्यायचं. परीक्षा तर गेलीच. उत्तर पटलं नाही तर नोकरी जाईल. तू नवा अर्ज केलास तरी तो याच अहवालाखाली दाबला जाईल. बडे बाबूंनी काल आपणहून मला पाणी मागितलं. त्या पेल्याची किळस आली.

आणि तुमचीही आली, खोटं कशाला बोलू. चुना मारलात! ताणा उसना आणलात! मोडकं घर पाहुण्याला दाखवू नये हे आईने आपल्याला शिकवलं, मीही तेच धरून जगलो, पण काल त्या शिकवणीचीच शिसारी आली. देव मला क्षमा करो. साहेब दाराशी आला की आपण सगळेच खोटा अहवाल लिहितो. तो शाईने लिहितो, आपण शेणाने.

रागाच्या भरात हे लिहिलं, खोडत नाही. आता ऐक. येत्या रविवारी सकाळच्या छोट्या गाडीने येतो. धोंडबाचा ताणा त्याला परत कर. लिंपण खरवडून काढ, विटांचे तुकडे बाहेर फेक. ओसरीवर रांगोळी नको, पोहे नकोत. मी खड्ड्यात उतरेन आणि जे दिसेल ते तिथेच बसून लिहीन. मग ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवीन, तुला, धोंडबाला आणि आळीतल्या आणखी दोघांना. पटलं तरच खाली सह्या करा. न ऐकता कोणी करायची नाही. तो कागद हेच माझं मेमोचं उत्तर. ते कोणाला पटेल की नाही, ठाऊक नाही.

आईला म्हणावं, करंज्या नंतर.

रुपराव

*

उमरेड
ता. २९ ऑक्टोबर १९६९

ती. दादास नमस्कार. कार्ड लहान आहे.

लिंपण खरवडलं. गोपिका आधी रडली, मंग तिनंच कुदळ घेतली. बाजू पुन्हा खाली आली, पाणीबी आलं. धोंडबा ताणा घेऊन गेला. तो सही करतो म्हणे. त्याची बायको म्हणे आमीबी ऐकायले येऊ. शामलानं कोरे कागद आणून ठेवले.

आई म्हणे, असं उघडं पडलेलं घर पाहुण्याले कसं दाखवता गा? मी म्हटलं, दादा पाहुणा नाही.

एक काम करा. खड्ड्यात भर दुपारी बी काही दिसत नाही. फळीवरचं ते निरांजन घेऊन या. तेल-वात आई देते म्हणे.

तुमचा,
नानाजी