तर्री वार्ताचे वाचक वाढले

३ नोव्हेंबर, सोमवार
खाप्याच्या शाळेत सिंधूताई मॅडम कबड्डीच्या मैदानावर म्हणाल्या होत्या, "कामिनी, तू आत नको येऊ वं, तू बाहेर बसून गुण लिही." तेव्हा आठवीत होते. आज चव्वेचाळीस. किती दूरदृष्टी होती बाईंना! आजपासून मी संपादक.

तर्री टोळी हा आमचा किल्ल्यांच्या ऑनलाइन गेमचा ग्रुप. चौतीस माणसं. दर रविवारी चारला लढाई. हा महिना कन्हान किंग्ज नावाच्या टोळीशी. शिंग वाजलं की माझ्या छातीत धडधडतं. मी एकदाही लढले नाही. आपल्या किल्ल्याचं दार लावून बसते. लीडर जयवंताबाई, भिवापूरच्या रिटायर्ड नर्स. जो लढत नाही त्याला महिनाअखेरीस काढतात. त्या त्याला 'डिस्चार्ज' म्हणतात.

मला डिस्चार्ज नको. लेक उन्नती शिकायला पुण्याला गेली, नवरा ऋषिकेश प्लांटवरून येतो तो थेट पलंगावर. दिवसभरात "जेवली का वं" विचारणारं हेच एक ठिकाण. म्हणून मीच सुचवलं, दर गुरुवारी बातमीपत्र काढते. बाई म्हणाल्या, काढ, तुले लढाई माफ.

संकल्प: पत्र इतकं चांगलं काढायचं की मला काढायची कोणाची हिंमत होऊ नये.

६ नोव्हेंबर, गुरुवार
'तर्री वार्ता'चा पहिला अंक गेला. 'येत्या रविवारी' या सदरात कोण कुठल्या दारावर, कोण गावाला जाणार, सगळं दिलं. वाचकाला माहिती नेमकी हवी. लिंक सगळ्यांसाठी उघडी ठेवली. आपण काय चोरी करतोय?

टोळीत चौतीस, संध्याकाळपर्यंत वाचक बावन्न. अठरा बाहेरचे! मराठी कोणी वाचत नाही म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार
हरलो. अकरा मिनिटांत. कन्हान किंग्ज सरळ उत्तरेच्या दारावर आले आणि तिथला साहिल नेमका साळ्याच्या लग्नाला गेलेला. योगायोग.

मी फोन कणकेच्या डब्यात ठेवून वर परात पालथी घातली होती. त्यामुळे वृत्तांत कल्पनेनं लिहावा लागेल.

१० नोव्हेंबर, सोमवार
ग्रुप कॉल. बाई म्हणाल्या, "कोनतरी आतून सांगून राहिलं त्याईले. काहून सांगता रे बाबा?" आपल्यात खबऱ्या! प्रेमलतानं विचारलं, संपादकबाईले काही सुगावा? मी म्हटलं, शोध सुरू आहे.

ऋषिकेशला सांगितलं. तो म्हणाला, बाहेर कोळशाचा ट्रक हॉर्न देते तर तू भांडं सोडते हातातलं, तू काय खबऱ्या पकडशील? बायकोचं नाव झालेलं काही जणांना बघवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अग्रलेख: 'खबऱ्यापासून सावध!' सावध राहणं सोपं जावं म्हणून बदललेल्या पहाऱ्याची यादी किल्ल्याच्या नकाशासकट शेजारीच चौकटीत दिली.

वाचक एकाहत्तर. एकाचा मेल आला: नकाशा बारीक दिसते, मोठा भेटेल का? रंगीत करून पाठवला. दक्षिणेची पडकी भिंत लाल केली. असा रसिक वाचक मिळायला भाग्य लागतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
चार मिनिटं. दक्षिणेच्या भिंतीतून.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ११
खबऱ्या सापडला. आमच्या टोळीतलाच अंकित! पुरावा: त्याची सासुरवाडी खाप्याची, म्हणजे कन्हान नदीच्या काठची. तो कॉलवर रडकुंडीला आला. "आईची शपथ बाई, मी सासऱ्यासंग धड बोलतबी नाही!" बाई म्हणाल्या, तीस तारखेला डिस्चार्ज.

वाईट वाटलं. थोडं हायसंही वाटलं. कशाचं, ते कळलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नकाशावाल्या वाचकाचा मेल: "ताई, अंक बुधवारी काढता येईल का? गुरुवारी भेटला तर आम्हाले तयारीले टाइम कमी पडते. बाकी नंबर वन. सुमंत, कन्हान किंग्ज."

तीनदा वाचला.

दुपारी २. 'कन्हान किंग्ज' हे त्याच्या दुकानाचंही नाव असू शकतं.

४ वाजता. अंकितचा फोन. उचलला नाही. मला सर्दी झाली आहे.

४.१०. पुन्हा अंकित. शेवटी मेसेज: ताई, तुम्ही संपादक आहा, माझ्यासाठी दोन ओळी छापा न.

५ वाजता. चूक खरं तर उघड्या लिंकची आहे. लिंक उघडी ठेवा असं कोणीतरी म्हणालं असणार. कोण, ते आठवत नाही.

६ वाजता. मीच.

संकल्प: सांगायचं. उद्या. जमल्यास अंकातूनच, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अंक काढला नाही. सकाळपासून एक मेसेज लिहून पुसते आहे. आधी त्यात सर्दी होती, लिंक होती, वाचकसंख्याही होती. एकेक गेलं. एवढंच उरलं:

"जयवंताबाई, अंकितची काही चूक नाही. मीच सांगून राहिली होती त्याईले, दर गुरुवारी, सदर करून. त्याले काढू नका. मले काढाल, हे मले माहीत आहे. तुमचा नियम मले पाठ आहे, अन् तुम्ही कोणासाठी तो मोडला नाही. तरी विचारते. मले बातमीपत्र नको. येत्या रविवारी कोणत्याही दारावर उभी करा, मी भिऊन राहिली तरी उभी राहीन. मले राहू द्या, बाई."