शिवणाचा क्लास

बुधवार, दिवेलागणीला

आज महाडच्या वर्गात धडा मोठ्यानं वाचताना एकच ओळ तीनदा वाचली. मनाच्या आजारातून उठलेल्या आम्हा मोठ्या माणसांची बारावीची तयारी करून घेणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. "गोळ्यांनी होतं असं. बोट ठेवून वाच," एवढंच म्हणाल्या. माझी तिशी उलटली, आणि बोट ठेवून वाचायचं.

परतीच्या एसटीत शेजारची काकू भेटली. "दर बुधवारी कुठं जातेस गो?"

तोंडातून निघून गेलं, "शिवणाच्या क्लासला."

का बोलले असं? मला वेड लागलं होतं हे अख्ख्या उमरठला माहीत आहे. मग शिकते हे सांगायची लाज कसली? ती ओळच डोक्यात होती, म्हणून असेल. तीनदा वाचूनही तिचा अर्थ लागला नव्हता. उद्या नापास झाले तर लोक म्हणणार, डोकं अजून बिघडलेलंच हाय.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. खोटं कशाला बोललीस, चोरी केलीस काय, असं काहीतरी म्हणेल. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "बरं केलंस गो. मी पन सगळ्यांना तेच सांगते."