परत न आलेलं परमिट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
हजर झालो! सव्वा वर्षानं अंगात पुन्हा खाकी शर्ट. देवगाव फाट्यावरून जीपनं कुंभेवाडीच्या सबस्टेशनला उतरलो. आधी प्लास्टिकचा डावा पाय टेकवला, मग खरा. फाटकावर मदतनीस चंद्रभाननं हात पुढं केला, मी घेतला नाही. उगं सवय लागते.

सोळा वर्षं वायरमन होतो. आता खांबावर चढता येत नाही, म्हणून ऑपरेटरची खुर्ची. इथले इंजिनिअर साहेब म्हणाले, महारुद्र, तीन महिने बघू, नाही झेपलं तर निवृत्तीच्या कागदावर सही करा. करतो की! बसा म्हणावं वाट बघत. ही खुर्ची मी मुद्दाम मागून घेतली. गेल्या वर्षी ऑगस्टात, भर पावसात मी आणि माझा जोडीदार सिद्धोधन खांबावर असताना इथूनच कुणीतरी लाइन सोडली. सिद्धोधन गेला, माझा पाय गेला. बटण कुणी दाबलं ते आजवर कुणी बोललं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. वायरमन वर चढायच्या आधी वहीत परमिट लिहून घेतो, मी लाइन बंद करतो. खाली उतरून त्यानं परमिट परत केल्याची सही केली की मग चालू. सही नाही तोवर मंत्री आला तरी बटणाला हात लावायचा नाही.

दुपारी नसलेल्या पायाचा अंगठा खाजला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पाय गेल्याचं डोक्याला कळायला वेळ लागतो. मी प्लास्टिक खाजवलं. चंद्रभान पोट धरून हसला, मीही हसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार
गव्हाला पाणी द्यायचं म्हणून गावकऱ्यांचे फोनवर फोन. त्यात वायरमन योगीराजचा आला : उतरलो, लाइन सोडा, सही मागून करतो. चुकलं माझं, पण मी बटणाकडं हात नेला. तेवढ्यात डावा घोटा कुणीतरी धरला. जो घोटाच नाही, तो! गार, ओला हात. मी जागच्या जागी थांबलो. लगेच योगीराजचा दुसरा फोन, जिवाच्या आकांतानं ओरडायलाय, सोडू नका, पक्कड वर राहिली म्हणून परत चढलोय.

मग हात सुटला. घरी राजेश्रीला सांगितलं नाही. बायकोच ती, उद्यापासून घरी बसवील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा धरला. लाइनचं काही नव्हतं, कपाट सरकवत होतो. मागं गेल्या सालची परमिटची वही पडलेली. उचलली, आणि पकड बसली. बोटं मोजली. चार.

सिद्धोधनची करंगळी उसाच्या चरकात गेलेली. त्या दिवशी तो माझ्या खालीच होता. मला शॉक बसला तसा त्यानं ओढायला माझा डावा घोटा धरला होता.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू, लय वाटली. पण पळणाऱ्यांतला नाही मी. वही उघडली. परमिट घेतल्याची माझी सही आहे. परत केल्याची जागा कोरी. चौकशीत साहेबांनी लिहून दिलं होतं की वही गहाळ झाली, आम्ही परमिट परत केलं होतं, मग सिद्धोधनच्या चुकीनं पुन्हा चढलो. वही नाही म्हणून माझं कुणी ऐकलं नाही. वहीप्रमाणे आम्ही दोघं अजून खांबावरच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वही सापडल्याचं चंद्रभाननं साहेबांच्या कानावर घातलं. फोन आला, लय गोड बोलले. कोऱ्या जागेत जुन्या तारखेची सही करा, नोकरी पक्की.

सिद्धोधनची आई धुरपताबाई अजून दिसेल त्याला सांगते, माझं लेकरू चुकणारं नव्हतं.

पण नोकरी — राजेश्री — पोरीची फी — पेन उचललं. घोटा करकचला. नसलेला पाय इतका दुखतो? पेन ठेवलं. नाही करणार. जा म्हणावं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेब आलेत. समोर उभे. एका हातात निवृत्तीचा कागद, दुसऱ्यात पेन. दोन्हीपैकी एका ठिकाणी सही करा म्हणायलेत. त्यांच्याच पेनानं हे लिहायलोय. बघू द्या.

पकड आज गुडघ्यापर्यंत. गार —

वही मांडीखाली धरली होती. साहेबांनी ओढून घेतली. आमचं पान — फाडणार —

पकड सुटली. एकदम सुटली. आता डाव्या बाजूला काहीच जाणवत नाही.

चंद्रभान दारात. साहेबांच्या पायाकडं बघायलाय —

साहेब पाय झटकायलेत. डावा. बूट हलत नाही. फरशी ओली —

मोजा, साहेब. बोटं मोजा. चारच भरतील. आता तरी सांगा, बटण कुणी —